लक्षात कुणी ठेवायचं?

जे काम चालू असताना कुणालाच दिसत नाही, ते नीट चालावं यासाठी मला पगार मिळतो. ते बिघडलं तरी लगेच दिसत नाही. वेबसाइट उघडते, बटणं दाबली जातात, हिरव्या अक्षरांत ‘सेव्ह झालं’ असं उमटतं. फक्त कुणाच्या तरी फोनवर यायला हवा होता तो एसएमएस आलेला नसतो, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस चिडून फोन करेपर्यंत याची कुणाला खबर नसते.

मी ज्या वेब ॲप्लिकेशनवर काम करते ते एका पॅथॉलॉजी लॅबचं आहे. मुख्य लॅब एक, आणि वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात नमुने गोळा करणारी तिची केंद्रं. केंद्रावर रक्त घेतात, बारकोड चिकटवतात, पेटी दुचाकीवरून लॅबला जाते, मशीन आकडे देतं, डॉक्टर ते पाहून मंजुरी देतात. मंजुरीच्या बटणापाशी लॅबचं काम संपतं आणि माझं सुरू होतं. पीडीएफ तयार करायची, रुग्णाला एसएमएस करायचा, ज्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली त्यांना ईमेल पाठवायचा, बिलाची नोंद करायची, आणि एखादा आकडा धोक्याच्या पातळीचा असेल तर ड्युटीवरच्या माणसाला तातडीने कळवायचं. ही पाच कामं पाच सबस्क्रायबर करतात.

सबस्क्रायबर म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. तो मेसेज क्यूच्या, म्हणजे निरोपांच्या रांगेच्या, तोंडाशी बसून असतो. क्यूमध्ये निरोप आला की उचलतो, आपलं काम करतो, पुढच्या निरोपाची वाट पाहतो. लिहायला फार ओळी लागत नाहीत. कुठल्याही ट्यूटोरियलमधून उचलून अर्ध्या तासात चालू करता येतो. पण तो बसवणं, म्हणजे महिनोन् महिने विसंबून राहता येईल असा बसवणं, हे निराळं काम आहे, आणि त्यातला बराचसा भाग कोडमध्ये नसतो, असा माझा अनुभव आहे.

मी भुईगावला राहते. वसई रोडला उतरा नाही तर नालासोपाऱ्याला, यायचं पश्चिमेलाच, समुद्राच्या बाजूला. घर वाडीत आहे. मागे बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, पुढे बाबांचा सोनचाफा आणि मोगरा, पलीकडे किनाऱ्यावर सुरूचं बन. लोकलला लटकून अंधेरीच्या ऑफिसला जाणं 2020 साली थांबलं ते थांबलंच. आता ओटीवरच्या खोलीत टेबल मांडलंय, इन्व्हर्टर आहे, आणि वायरचं इंटरनेट गेलं तर मोबाइलवर चालवायची सवय आहे. पावसाळ्यात दोन्ही लागतात.

मी रुजू झाले तेव्हा मंजुरीचं बटण पाचही कामं एका दमात, एकामागून एक करायचं. एरवी चालून जायचं. पण एसएमएस पाठवणारी सेवा बाहेरच्या कंपनीची, तिचा सर्व्हर कधीकधी उत्तरच द्यायचा नाही, आणि मग सगळं तिथेच अडायचं. पावसाळा उतरणीला लागला की आमच्या भागात तापाची साथ असते. साचलेलं पाणी, डास, मग डेंगी, मलेरिया. लॅबमध्ये नळ्यांचे ढीग लागतात. अशा दिवसांत लॅबच्या डॉक्टर मॅडम मला फोनवर म्हणाल्या, “अगं, मी रिपोर्ट तपासायला बसते की ते गोल फिरणारं चक्र बघायला?” चक्र थांबत नाही म्हणून त्या पुन्हा बटण दाबायच्या, आणि रुग्णाच्या नावावर बिल दोनदा पडायचं.

उपाय ठरलेलाच होता. बटणाने रिपोर्ट डेटाबेसमध्ये नोंदवायचा, ‘अमुक क्रमांकाचा रिपोर्ट मंजूर झाला’ एवढाच निरोप सोडायचा आणि मोकळं व्हायचं. निरोप कोण ऐकतंय, किती जण ऐकतायत, त्याचं पुढे काय करतायत, हे बटणाने बघायचं नाही.

हा विचार वेबपेक्षा जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात एक ओळखीचं आडनाव भेटतं. विवेक रणदिवे मुंबईत, जुहूला वाढलेले. पुढे एमआयटीत शिकले. 1980 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या शेअर दलालांच्या टेबलांवर पडद्यांची गर्दी असायची. भाव देणारी कंपनी निराळी की तिचा पडदा निराळा, बातम्या आणखी तिसरीकडून. नवा स्रोत जोडायचा म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला हात घालायचा. कॉम्प्युटरच्या आत मात्र तसं नसतं. तिथे ‘बस’ नावाची एक सामाईक वाट असते, कार्ड खोचलं की ते इतरांशी बोलू लागतं. रणदिव्यांच्या टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीने तीच कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणली आणि तिचं नाव ‘द इन्फर्मेशन बस’ ठेवलं. पाठवणाऱ्याने निरोपावर फक्त विषय लिहायचा. ज्याला त्या विषयात रस आहे त्याने वर्गणीदार व्हायचं. दोघांनी एकमेकांना ओळखायची गरज नाही. तिच्या रचनेवरचा शोधनिबंध 1993 साली प्रसिद्ध झाला, 1994 साली रॉयटर्सने टेक्नेक्रॉन विकत घेतली, आणि 1997 साली रणदिव्यांनी टिब्को काढली. त्या इंग्रजी नावातली पहिली तीन अक्षरं त्या बसचीच आहेत.

हे वाचताना मला कौतुक वाटलं, तशी एक शंकाही आली. शेअरचा भाव दलालाच्या पडद्यावर पोचला नाही तर फारसं बिघडत नाही, कारण पुढच्या क्षणी नवा भाव येतोच आणि जुना निरुपयोगी होतो. रक्ताच्या रिपोर्टचं तसं नाही. ज्या क्षणी निरोप सुटला त्या क्षणी सबस्क्रायबर बंद असेल, तरी तो रिपोर्ट रुग्णाला हवाच असतो, तासाभराने का होईना. म्हणजे मध्ये कुणी तरी तो धरून ठेवायला हवा. ते काम क्यू करते.

आम्ही रॅबिटएमक्यू घेतलं. जेपी मॉर्गन चेसमध्ये जॉन ओहारा यांनी 2003 मध्ये निरोपांच्या देवाणघेवाणीचा एक खुला नियम आखायला घेतला, त्या नियमाने चालणारं हे सॉफ्टवेअर 2007 साली आलं. ते एर्लांग भाषेत लिहिलंय, आणि एर्लांग घडली ती एरिक्सनमध्ये, टेलिफोन एक्स्चेंज चालवण्यासाठी. रॅबिटएमक्यूमध्येही निरोप आधी ‘एक्स्चेंज’ नावाच्या भागात येतो, तिथून ज्या ज्या क्यूने नाव नोंदवलंय तिच्यात त्याची एकेक प्रत पडते. आमच्या पाच कामांच्या पाच क्यू. एसएमएसची क्यू तुंबली म्हणून बिलाची अडत नाही.

पहिला प्रश्न आला तो सबस्क्रायबरना बसवायचं कुठे. सगळ्यात सोपी जागा वेब ॲप्लिकेशनच्या पोटातच. ते सुरू झालं की सबस्क्रायबरही सुरू. बरेच जण तसं करतात आणि प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर ते छान चालतं. खऱ्या सर्व्हरवर वेब ॲप्लिकेशनच्या एकाच वेळी अनेक प्रती चालू असतात, त्यामुळे सबस्क्रायबरच्याही तितक्याच निघतात. वेब सर्व्हर गर्दी पाहून प्रती वाढवतो, कमी करतो, अडकलेली प्रत मारून टाकतो. तिच्या पोटातला सबस्क्रायबर त्या वेळी बिलाची नोंद अर्ध्यावर करत असेल याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. शिवाय मूळ प्रोसेसने उघडलेलं क्यूचं कनेक्शन पोटच्या प्रतींनी वाटून घेतलं की त्यांची बोलणी एकमेकींत मिसळतात आणि चुका अशा येतात की शोधता शोधता रात्र जाते. म्हणून सबस्क्रायबर आम्ही वेगळे चालवले. कोड तोच, डेटाबेस तोच, पण प्रत्येकाची प्रोसेस स्वतंत्र, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला सर्व्हरची स्वतःची यंत्रणा; पडली की उचलून पुन्हा उभी करणारी.

सबस्क्रायबरला थांबायलाही शिकवावं लागतं. नवा कोड चढवताना जुनी प्रोसेस बंद होते. तिला आधी इशारा मिळतो. त्या इशाऱ्यावर हातातला निरोप पुरा करायचा, नवा घ्यायचा नाही, मग बाहेर पडायचं. एवढं नसेल तर प्रत्येक वेळी नवा कोड चढवताना दोनचार रिपोर्ट अर्धवट राहतात.

यापुढचा प्रश्न पोच देण्याचा. सबस्क्रायबरने निरोप घेतला की क्यूला पोच (‘ॲक’) द्यायची असते, मग क्यू तो पुसून टाकते. पोच दोन प्रकारे देता येते. एका प्रकारात निरोप सबस्क्रायबरच्या हाती पडला की क्यू आपोआप मोकळी. दुसऱ्यात सबस्क्रायबरने आपण होऊन कळवेपर्यंत क्यू तो निरोप राखून ठेवते. मध्येच सबस्क्रायबरचं कनेक्शन तुटलं तर दुसऱ्याला देते. पहिला प्रकार वेगवान असल्याने मोह होतो.

आमच्याकडे आलेल्या नव्या मुलाला यातला फरक समजावताना मी बाबांच्या फुलांचं उदाहरण दिलं. फुलं दादरला जातात. बाबा रोज जात नाहीत. वाड्यावाड्यांतून पुडे गोळा करणारा माणूस पहाटेच्या गाडीने घेऊन जातो. त्याने पुडा उचलला म्हणून बाबा वहीत काही लिहीत नाहीत. आडत्याची पट्टी हातात आली, किती फुलं, काय भावाने गेली ते तिच्यावर दिसलं, की मग नोंद होते. उचललेला माल आणि विकलेला माल यांच्यामध्ये नालासोपाऱ्यापासून दादरपर्यंतची गाडी असते आणि त्या गाडीचं काही सांगता येत नाही. मुलगा म्हणाला, “म्हणजे ताई, काम पूर्ण झाल्यावरच ॲक द्यायचा.” बरोबर. पण काम पूर्ण झालं असं कशाला म्हणायचं, हे पाचही ठिकाणी वेगळं निघालं.

कारण पोच शेवटी द्यायची ठरवली की दुसरं संकट उभं राहतं. बिलाची नोंद झाली, आणि पोच देण्याआधीच नेटवर्क तुटलं. क्यूच्या दृष्टीने काम झालेलंच नाही. ती तोच निरोप पुन्हा देणार. निरोप हरवू नये असं म्हणायचं असेल तर तो कधीकधी दोनदा येईल हे मान्य करावंच लागतं. ‘एकदाच आणि नक्की’ असं क्यूच्या बळावर मिळत नाही, ते सबस्क्रायबरने आपल्या बाजूने उभं करायचं असतं.

दोनदा आला तर काय, हा प्रश्न घेऊन मी लॅबमध्ये जाऊन बसले. पीडीएफचं सोपं होतं; तीच फाइल त्याच नावाने पुन्हा तयार होईल, कुणाला कळणारही नाही. बिल दोनदा होताच कामा नये. म्हणून बिलाच्या सबस्क्रायबरने निरोपाचा क्रमांक आणि बिलाची नोंद डेटाबेसच्या एकाच व्यवहारात लिहायची, आणि तो क्रमांक दुसऱ्यांदा लिहायला डेटाबेसनेच नकार द्यायचा. नकार आला की काम आधीच झालंय असं समजून पोच देऊन टाकायची. एसएमएस पडला बाहेरच्या कंपनीच्या हातात. आपण विनंती पाठवली आणि उत्तर येण्याआधी वीज गेली, तर तो गेला की नाही हे आपल्याला कळायचा मार्ग नाही. तिथे निवड करायची: दोनदा जाण्याचा धोका घ्यायचा की न जाण्याचा? रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, “दोनदा गेला तर लोक हसतील. नाही गेला तर माझ्या डोक्यावर बसतील.” ठरलं.

तातडीच्या सूचनेवर डॉक्टर मॅडमनी मला जवळजवळ दटावलंच. डेंगीच्या दिवसांत एखाद्याच्या प्लेटलेट 20,000 च्या खाली आलेल्या असतात. मी त्यांना तांत्रिक बाजू सांगत होते, दुसरी सूचना कशी टाळता येईल ते. त्यांनी मध्येच थांबवलं. “दोनदा फोन वाजला म्हणून कुणी मेलं नाही गं. तू वाजवत राहा. कुणी तरी ‘पाहिलं’ म्हणेपर्यंत वाजव.”

हे वाक्य कोडमध्ये आणताना एक मर्यादा आडवी आली. माणूस ‘पाहिलं’ म्हणेपर्यंत निरोपाची पोच रोखून धरावी, असं आधी वाटतं. पण रॅबिटएमक्यू पोचेसाठी अमर्याद थांबत नाही. मूळ सेटिंगमध्ये तीस मिनिटं उलटली की ते सबस्क्रायबरचा चॅनेल बंद करतं आणि निरोप परत रांगेत लावतं. ते योग्यच आहे, कारण माणूस जेवायला गेला असू शकतो. त्यामुळे हा सबस्क्रायबर डेटाबेसमध्ये ‘उघडी सूचना’ अशी नोंद करतो आणि लगेच पोच देतो. ती नोंद बंद होईपर्यंत फोन वाजवत राहणं हे दुसऱ्याच प्रोग्रॅमचं काम. क्यूने लक्षात ठेवायची गोष्ट अशी डेटाबेसकडे सोपवली गेली.

इथे माझ्या लक्षात आलं की मी सगळीकडे एकच गोष्ट ठरवत होते. मंजुरीच्या बटणाला आपण विसरायची मुभा दिली. ती मुभा फुकट मिळत नाही. बटणाने जे लक्षात ठेवणं सोडलं ते दुसऱ्या कुणी तरी ठेवायला हवं. काही क्यू ठेवते, काही सबस्क्रायबर, काही डेटाबेस, आणि काही शेवटी माणसालाच ठेवावं लागतं. सबस्क्रायबर बसवणं म्हणजे ही वाटणी करणं. आकृतीत बाण काढताना ही वाटणी दिसत नाही, म्हणून बाण काढले की काम झालं असं वाटतं.

बटणाचीही सगळीच सुटका होत नाही. रिपोर्ट डेटाबेसमध्ये गेला आणि निरोप क्यूत टाकण्याआधीच प्रोसेस पडली, तर रिपोर्ट मंजूर आहे पण कुणालाच कळलेलं नाही. म्हणून निरोपही आधी डेटाबेसमधल्याच एका तक्त्यात, रिपोर्टच्याच व्यवहारात लिहायचा, आणि तिथून क्यूत पोचवायचं काम वेगळ्या प्रोग्रॅमला द्यायचं. क्यूला ‘मिळाला’ असं म्हणू द्यायचं, मगच तक्त्यातली ओळ निकालात काढायची. क्यू टिकाऊ आणि निरोपही टिकाऊ, अशा दोन्ही खुणा करायच्या. एकच केली तर रॅबिटएमक्यू पुन्हा सुरू होताना रांग रिकामी झालेली असू शकते.

मग आला तान्ह्या बाळाचा रिपोर्ट. नोंदणीच्या एका जुन्या फॉर्मवर वयाच्या रकान्यात अक्षरं चालत होती आणि केंद्रावरच्या मुलीने ‘दीड महिना’ असं लिहिलं होतं. काहीच चूक नव्हतं. बाळ दीड महिन्याचंच होतं. पीडीएफच्या सबस्क्रायबरला मात्र वय आकड्यात हवं होतं. तो अडखळला, निरोप परत रांगेत गेला. परत गेलेला निरोप शक्यतो आपल्या मूळ जागी, म्हणजे पुढेच बसतो. सबस्क्रायबरने तोच उचलला, पुन्हा अडखळला. सर्व्हर पूर्ण ताकदीनिशी एकच न होणारं काम करत होता आणि मागचे सगळे रिपोर्ट खोळंबले होते.

असा निरोप बाजूला काढायला डेड लेटर क्यू असते. आता आम्ही अपयशी निरोपाला आधी एका थांब्याच्या क्यूत पाठवतो. तिथे त्याला मुदत घातलेली असते. ती संपली की तो मूळ क्यूत परत येतो. दर वेळी मुदत वाढते. काही वेळा असं करूनही जमलं नाही तर त्याची रवानगी डेड लेटरमध्ये. नेटवर्कसारखी तात्पुरती अडचण वाट पाहून सुटते. ‘दीड महिना’ कितीही वाट पाहिली तरी आकडा होत नाही.

डेड लेटर क्यू बसवली की प्रोग्रॅमरला सुटल्यासारखं वाटतं. लाल अक्षरं थांबतात, आलेख सपाट होतो. पण त्या क्यूत पडलेला प्रत्येक निरोप म्हणजे रिपोर्टची वाट पाहणारा एक माणूस, आणि ती क्यू रोज उघडून बघणारं कुणी नसेल तर आपण त्या माणसाला व्यवस्थित, तांत्रिकदृष्ट्या निर्दोष पद्धतीने विसरलेलं असतं. म्हणून आम्ही लॅबच्या सॉफ्टवेअरमध्येच एक पान केलं: ‘हे रिपोर्ट अडकले आहेत’. रिपोर्ट क्रमांक, कशामुळे अडकला ते साध्या मराठीत, आणि ‘पुन्हा पाठवा’ असं बटण. रिसेप्शनवरच्या ताई सकाळी चहाबरोबर ते उघडतात. अडकलेल्यांत बहुतेक वेळा फोन नंबरचा एखादा आकडा चुकलेला असतो. मला तो दुरुस्त करता येणं शक्य नव्हतं; ताई रुग्णाच्या फॉर्मवरचा नंबर बघतात, दुरुस्त करतात, बटण दाबतात.

या पानामुळे आणखी एक शिस्त आली. निरोपात रुग्णाचं नाव, फोन, आजार असं काही घालायचं नाही, फक्त रिपोर्ट क्रमांक. निरोप लॉगमध्ये सांडतात, डेड लेटरमध्ये पडून राहतात, आम्हा प्रोग्रॅमरांच्या पडद्यावर येतात. कुणाला कसला आजार आहे हे आम्हाला कळायचं कारण नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात 2023 साली झाला. लॅबमधली माणसं ही गोष्ट त्याच्या आधीपासून जाणतात.

पावसाने उरलेलं शिकवलं. 2018 च्या जुलैत वसई-विरार पाण्यात होतं, नालासोपाऱ्याला रूळ बुडाले होते, वीज बंद होती. तेव्हा मी या कामात नव्हते, पण तसा पाऊस पुन्हा होणार हे आमच्याकडे सगळेच धरून चालतात. मोठ्या पावसात रस्त्यांत पाणी भरतं, पेट्या केंद्रांवर अडकतात, लॅबची वीज जाते-येते. वीज आली की तुंबलेलं सगळं एकदम वाहू लागतं. अशा एका रात्री भुईगावला दिवे नव्हते. इन्व्हर्टरवर लॅपटॉप, मोबाइलचं इंटरनेट, बाहेर बेडकांचा कल्ला, आणि मुंबईतल्या कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये लखलखीत उजेडात असलेली आमची क्यू फुगत चाललेली. आई आतून म्हणाली, “अगो, झोप आता, सकाळी बघ.”

क्यू उपसायला सबस्क्रायबर वाढवले होते. त्यांतल्या एकाकडे शेकडो निरोप आणि बाकीचे रिकामे बसलेले दिसत होते. एका वेळी किती निरोप हातात घ्यायचे याची मर्यादा घातली नाही तर रॅबिटएमक्यू असेल तेवढं पहिल्याच्या पदरात ओतून मोकळं होतं. त्या नव्याने उभ्या केलेल्या प्रतींना ती मर्यादा लागूच झालेली नव्हती. मर्यादा घातली, काम सगळ्यांत वाटलं गेलं.

पण एकाऐवजी अनेक हात कामाला लागले की क्रम मोडतो. डॉक्टर मॅडमनी एक रिपोर्ट मंजूर केला, लगेच दुरुस्त करून पुन्हा मंजूर केला. दोन निरोप, दोन सबस्क्रायबर. पहिल्याने जुने आकडे वाचले आणि तो रेंगाळला. दुसऱ्याने नवे वाचून पीडीएफ बनवली. मग पहिल्याने आपली जुनी पीडीएफ वरून ठेवली. चाचणीच्या सर्व्हरवर हे मुद्दाम घडवून पाहिलं तेव्हा टीममध्ये कुणीच काही बोललं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक रिपोर्टला आवृत्तीचा आकडा आहे, आणि आपल्यापेक्षा नवी आवृत्ती आधीच ठेवलेली दिसली तर सबस्क्रायबर आपलं काम टाकून देतो.

मधल्या काळात टीममधल्या त्याच नव्या मुलाने रॅबिटएमक्यूऐवजी काफ्का घ्यायचा आग्रह धरला. काफ्काची गोष्टही आपल्या जवळची आहे. पुण्याच्या पीआयसीटी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स आणि जुन राव यांच्याबरोबर ते घडवलं. 2011 साली ते सर्वांसाठी खुलं झालं, आणि 2014 साली या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली. काफ्का निरोप वाचून झाला म्हणून पुसत नाही. ठरलेल्या मुदतीपर्यंत सगळे निरोप वहीसारखे ओळीने लिहिलेले राहतात आणि आपण कुठवर वाचलं याची खूण प्रत्येक वाचणाऱ्याने पुढे सरकवायची. उद्या सहावा सबस्क्रायबर आला तर तो मागची पानंही वाचू शकतो. ही मोठीच सोय. पण ‘दीड महिना’सारखा एक निरोप बाजूला काढून बाकीचे पुढे नेणं तिथे नेहमीच्या पद्धतीत वाचणाऱ्यालाच स्वतः करावं लागतं, खूण ओळीओळीने पुढे जाते, मधली ओळ वगळून नव्हे. आमच्याकडे निरोपांचा महापूर नाही, आणि अडकलेला एकेक रिपोर्ट सोडवणं हेच आमचं रोजचं काम आहे. रॅबिटएमक्यूच राहिलं. मुलगा थोडा नाराज झाला, पण त्याला ते पटलं, कारण ‘अडकले आहेत’ पानावरच्या तक्रारी तोच सोडवत असतो.

आता नवा सबस्क्रायबर बसवायचा म्हटलं की आम्ही कोड लिहायच्या आधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर घेतो. काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं? निरोप दोनदा आला तर काय? उलटसुलट क्रमाने आला तर काय? आणि अडकला तर तो कोण बघणार, नावासकट? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं प्रोग्रॅमर लॅबला विचारून देतात. चौथ्याला नेहमी वेळ लागतो.

गेल्या महिन्यात लॅबच्या व्यवस्थापनाने सहावा सबस्क्रायबर मागितला. रिपोर्ट गेल्यावर रुग्णाला व्हॉट्सॲपवर विचारायचं, सेवा कशी वाटली, काही अडचण आहे का. बसवायला सोपा, मुलाने दुपारपर्यंत नमुना चालवूनही दाखवला. मी विचारलं, कुणी उत्तरात लिहिलं की रिपोर्ट चुकीचा वाटतोय, किंवा ताप उतरत नाहीये, तर ते कोण वाचणार? रिसेप्शनवरच्या ताईंनी हात वर केले. सकाळचं अडकलेल्यांचं पानच त्यांना पुरतं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “विचारायचं आणि ऐकायचं नाही, त्यापेक्षा विचारूच नका.” व्यवस्थापनाने माणूस बघतो असं सांगितलंय. कोड तयार आहे, चाचण्या झाल्यात. कागदावरची चौथी ओळ रिकामी आहे, म्हणून तो अजून बसवलेला नाही.